सोललेली पुस्तकं

मी पुस्तकं दिसण्यासाठी घेते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या घरी कुणी आलं की दुसऱ्या मिनिटाला विचारतं, "एवढी सगळी वाचलीत का हो?" काही वाचली आहेत, काही नाहीत, काही वाचण्यासारखीच नाहीत. एक कादंबरी इतकी रटाळ आहे की विसाव्या पानावर लेखकालाही झोप लागली असावी. पण तिचं कव्हर लिनोच्या ठशावर कोरून दोन रंगांत छापलेलं आहे. काळी खिडकी, तिच्यातून पडलेला हळदीसारखा पिवळा उजेड आणि हाताने काढलेली नावाची अक्षरं. त्या कव्हरासाठी मी ती घेतली आणि पुन्हा मिळाली तर पुन्हा घेईन. येवल्याची पैठणी वीस-वीस वर्षं कपाटात घडी घालून ठेवणाऱ्या बायका मला विचारतात, न वाचता पुस्तकं कशाला ठेवतेस. मी त्यांना पैठणी किती वेळा नेसलात ते विचारते, मग विषय बदलतो.

दुसरा प्रश्न जास्त खोचक असतो आणि तो मला ओळखणारे लोक विचारतात. "प्रायश्चित्त घेताय का?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. प्रायश्चित्त गोदाकाठी घेतात, त्यासाठी तिथे माणसं बसलेली आहेत. मी पुस्तकं गोळा करते, कारण मला ती आवडतात. पण हा प्रश्न लोक का विचारतात, ते सांगायला हवं.

नाशिकमधल्या एका जुन्या वाचनालयात मी तीस वर्षं साहाय्यक होते. नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला की आमची रीत ठरलेली होती. आधी नोंदवहीत चढवून दाखल क्रमांक द्यायचा. मग शिक्के मारायचे. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या आणि एक ठरलेल्या गुप्त पानावर, म्हणजे कुणी पहिलं-शेवटचं पान फाडलं तरी पुस्तक आपलं आहे हे सिद्ध करता यावं. आणि मग कव्हर काढायचं. नवंकोरं, शाईचा वास येणारं कव्हर वाचकाच्या हातात पडायच्या आधीच काढायचं, कारण हाताळून ते फाटतं आणि फाटलेलं बरं दिसत नाही. उद्या पोराचे गुडघे फुटतील म्हणून आजच त्याला खाटेला बांधून ठेवण्यातला हा प्रकार.

मग पुस्तक आणि काढलेलं कव्हर दोन्ही भद्रकालीतल्या बाइंडरकडे जायची. तो दाभणाने भोकं पाडून दोरा भरायचा, पुठ्ठा लावायचा, कडा यंत्रात कापून सरळ करायचा आणि वरून चॉकलेटी रेक्झिन चढवायचा. परत आलं की पाठीवर पांढऱ्या शाईने नाव आणि क्रमांक मी लिहायचे. कविता असो, पाकशास्त्र असो, थोरामोठ्यांचं चरित्र असो, कपाटात सगळी एका रंगाची. बाहेरून येणारे म्हणायचे, काय शिस्त आहे. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

एकदा गठ्ठा वेळेत परत आला नाही म्हणून मी स्वतःच बाइंडरच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. कोपऱ्यात शेगडीवर सरसाचा डबा तापत होता, त्याचा तो जनावरासारखा वास सगळीकडे भरला होता, आणि शेगडीत तो आमचीच कव्हरं सारत होता. मी उभी असताना एक आत गेलं. निळ्या रंगावर पांढऱ्या रेघांनी काढलेली एक पाठमोरी बाई, एवढंच चित्र. ती बाई खालून वर काळी होत गेली. ते कव्हर मीच मंगळवारी काढलं होतं. काढताना त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पाहिलं ते जळताना.

मी म्हटलं, "उरलेली मी नेऊ का?"

"न्या की," तो म्हणाला. "मला काय, भुसाही चालतो."

दुसऱ्या दिवशी मी तेव्हाच्या कार्यवाहांना विचारलं की काढलेली कव्हरं यापुढे मी घरी नेली तर चालेल का. ते पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कचरा काय विचारून नेतात?" त्यांचं ते वाक्य मी कागदावर लिहून घेतलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं. पण एकतीस-बत्तिसाव्या वर्षी माणसाला एवढी अक्कल नसते.

तेव्हापासून कव्हरं माझ्या पिशवीतून घरी येऊ लागली. आणि इथे मी एक गोष्ट केली, जी वाचनालयात जन्म घालवलेलं माणूसच करू शकतं. प्रत्येक कव्हराच्या मागच्या कोपऱ्यात मी पेन्सिलने त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं. हातात आलेल्या छापील कागदावर क्रमांक घातल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही, ही हाताची सवय. शिवाय मनात कुठेतरी होतंच की हे कव्हर अमुक एका पुस्तकाचं आहे. त्याच पुस्तकाच्या चार प्रती असल्या तरी ह्याच प्रतीचं आहे. एकाचं बाशिंग दुसऱ्याच्या कपाळाला बांधत नाहीत.

अशी नऊशेच्या वर कव्हरं झाली. आमच्या दिवाणात गाद्या आणि रजया असायला हव्यात, तिथे बटर पेपरच्या थरांमध्ये कव्हरं आहेत आणि कोपऱ्यांत कसर लागू नये म्हणून वेखंड. सुरुवातीची काही वर्षं आमच्या ह्यांना वाटलं की हे वेड जाईल. मग ते म्हणायला लागले, "पाहुणे आले की त्यांना काय प्रस्तावना अंथरून द्यायची?" पाहुणे आले की आम्ही शेजारून गाद्या आणतो. कुणाचं काही अडलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र नुसत्या कव्हरांवर भागेना. मी जुनी पुस्तकं शोधायला बाहेर पडले. शालिमारजवळचे फुटपाथ, पंचवटीतले रद्दीवाले, मग हळूहळू गावाबाहेर. मनमाड मला फार लाभलं. तिथे रेल्वेची माणसं निवृत्त होतात, बदलून जातात, क्वार्टर रिकामं करतात, आणि ज्यांनी सिग्नलच्या दिव्यांखाली उभी हयात काढली त्यांनी काय काय जमवलेलं असतं, ते बघून मी थक्क झाले आहे. धागा आणि शिरपट्टी शाबूत असलेली कापडी बांधणी, आतल्या कोऱ्या पानांवर हाताने छापलेली नक्षी, शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव इतक्या डौलदार अक्षरात की लग्नपत्रिका वाटावी. स्टेशनाजवळचा एक रद्दीवाला माझ्यासाठी माल बाजूला ठेवतो. पुस्तक उचलून मी आधी त्याची पाठ बघते, मग उघडून शिवण, मग छपाईचा दाब बोटाने चाचपते. त्याला वाटतं मी काहीतरी तपासणी करणारी बाई आहे.

एका रविवारी त्याने मला बघितल्या बघितल्या हाक मारली. "ताई, आज लय माल हाय. नाशकावरनं टेम्पो आला व्हता, वाचनालयाचा. आठ पोती. पर कव्हर नाय एकाला बी, तुम्हाला नको असंल तर ऱ्हाऊ द्या."

मी पोत्यात हात घातला आणि चॉकलेटी रेक्झिन बाहेर आलं. पाठीवर पांढऱ्या शाईत माझं अक्षर होतं. पहिल्या पानावर आमचा शिक्का आणि त्यावर तिरका, नवा, 'रद्द' असा दुसरा शिक्का. मी तिथेच पोत्यावर बसले. वाचनालयाने जुनी पुस्तकं निकालात काढली होती आणि मला कुणी कळवलं नव्हतं. कळवण्याचं कारणही नव्हतं म्हणा. सहा पोती मी पोहोचायच्या आधीच पुढे कागद गिरणीत लगद्याला गेली होती. दोन पोत्यांतून मी ज्यांची कव्हरं माझ्याकडे असल्याचं आठवत होतं ती बत्तीस पुस्तकं काढली आणि दोन फेऱ्यांत घरी आणली.

त्या दिवशी संध्याकाळी मी दिवाण उघडला. पहिलं पुस्तक होतं तो एक कथासंग्रह. त्याचं कव्हर मला पाठ होतं. शीर्षकाची शिरोरेषा लांबवून तिची वाळत घालायची दोरी केलेली आणि तिच्यावर एकच सदरा. क्रमांक जुळवला, तोच. मी कव्हर झटकलं, पुस्तकावर चढवलं, घड्या आत घेतल्या. कव्हर वरून आणि खालून दोन-दोन सूत बाहेर आलं.

हे चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "अंगापेक्षा बोंगा मोठा."

मी हसले. कव्हर का बसत नाही ते मला माहीत होतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. बत्तीसच्या बत्तीस पुस्तकांवर कव्हरं चढवली, सगळी तशीच सैल, आणि काचेच्या कपाटात ठेवून दिली.

आता माझा गाढवपणा. त्या कथासंग्रहाच्या कव्हराचा फोटो मी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. सकाळ-संध्याकाळ गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात तिथे एक बरी गोष्ट जावी म्हणून. नुसता पुढचा नाही, मागचाही टाकला, कारण ठशाचा दाब कागदाच्या मागून कळतो आणि तो बघण्यातच खरी मजा आहे. मागच्या कोपऱ्यात माझ्या वळणदार अक्षरात दाखल क्रमांक होता. वाचनालयाचे आत्ताचे कार्यवाह त्याच ग्रुपवर आहेत. हा गृहस्थ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, काम असलं की मला मावशी म्हणतो आणि नसलं की मॅडम.

चार दिवसांनी वाचनालयाच्या कागदावर पत्र आलं. संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त जुन्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन भरवायचं आहे. संस्थेच्या मालकीची मुखपृष्ठं माझ्याकडे अनधिकृतपणे असल्याचं त्यावरील दाखल क्रमांकांवरून निदर्शनास आलं आहे. ती आठ दिवसांत जमा करावीत, अन्यथा पुढील कारवाई करणं भाग पडेल. पत्रात मी मॅडम होते.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चोरी करून मालावर मालकाचा पत्ता लिहिणारी तू पहिलीच."

मी दोन दिवस ताठ होते. तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात एक ओळखीची बाई गवार निवडता निवडता म्हणाली, "तुमच्यावर काहीतरी केस झाली म्हणे वाचनालयाची?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि घरी आले. मेथी निवडायला बसले आणि रडायला लागले. तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक टाचणी इकडची तिकडे झाली नव्हती. कव्हरं जाण्याचं दुःख मी सोसलं असतं, पण जाताना ती मला चोर ठरवून जाणार होती. आणि हातात धरून सिद्ध करता येईल असं माझ्या बाजूने काही नव्हतं. पेपर वाचणारे ते कार्यवाह वारले होते, बाइंडरचं दुकान पाडून तिथे मोबाइलचं झालं होतं.

हे आले, मेथीचं ताट बाजूला केलं आणि खोडरबर माझ्यासमोर ठेवलं. "पेन्सिलचेच आहेत ना? खोड. आकडा नाही तर पुरावा नाही. मी मदत करतो." इतक्या वर्षांत ह्या माणसाने माझ्या कव्हरांना हात लावण्याची ही पहिलीच तयारी होती, म्हणून मला ते जास्त लागलं. मी दिवाण उघडला. पहिलं कव्हर घेतलं, उलटं केलं, रबर टेकवलं. आणि नाही झालं. मी काही चोरलं नसेल तर खोडायचं कशाला? आणि खोडलं की हे कव्हर कुठल्याच पुस्तकाचं राहत नव्हतं, नुसता एक सुंदर कागद. रबर मी पोळपाटाशेजारी ठेवून दिलं आणि ह्यांना म्हटलं, "आठव्या दिवशी मला स्कूटरवरून सोडा."

त्या दिवशी वाचनालयात कार्यकारिणीची बैठक होती. पाचजण होते. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस. माझ्यासाठी चहा आणि चिवडा आला. कार्यवाह उठून उभे राहिले आणि मी पुन्हा मावशी झाले.

"मावशी, पत्राची भाषा जरा कडक झाली. ते सोडून द्या. तुम्ही एवढ्यावर सही करा, की वाचनालयाची मुखपृष्ठं मी परत करीत आहे. विषय संपला. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तुमचा सत्कार करू."

कागद टाइप करून तयार होता. मी विचारलं, "प्रदर्शन झाल्यावर कव्हरं कुठे ठेवणार?"

"भिंतीवर लावणार ना कायमची. लॅमिनेशन करून घेऊ सगळ्यांचं. पाणी पडलं तरी काही होणार नाही."

तो ते खऱ्या उत्साहाने म्हणाला. त्याला वाटलं मला आनंद होईल. तीस-पस्तीस वर्षांचा मऊ कागद हा प्लास्टिकमध्ये भाजून काढणार होता, कारण उघडा राहिला तर खराब होईल. मी पिशवीतून तो कथासंग्रह काढला, कव्हर वेगळं केलं आणि दोन्ही गोष्टी अध्यक्षांपुढे ठेवल्या. म्हटलं, "सर, घालून बघा."

त्यांनी ते शिक्षकाच्या नीटसपणाने चढवलं. वर-खाली सरकवलं. पुन्हा काढून पुन्हा चढवलं. "बाई, हे ह्याचं नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या आवृत्तीचं असेल. मोठं होतंय."

"ह्याचंच आहे सर. क्रमांक बघा. कव्हर मोठं नाही, पुस्तक लहान झालंय. बाइंडिंगला तिन्ही बाजूंनी कापलं. ते बाइंडरकडे मी पाठवलं होतं. कव्हरही मीच काढलं होतं."

हे मी त्याआधी कुणाजवळ बोलले नव्हते. ह्यांच्याजवळही नाही.

कार्यवाह म्हणाले, "मग त्या क्रमांकाचं पुस्तक तर वाचनालयाचंच झालं. ते तुमच्याकडे कसं?"

"पहिलं पान उघडा. तुमचा 'रद्द'चा शिक्का आहे. तुम्ही पोत्यात भरून मनमाडला पाठवलंत, तिथून मी आणलं." चिवडा खाणाऱ्या एका सदस्याने खाणं थांबवलं. मग मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. "तीस वर्षं मी ह्या हाताने पुस्तकं सोलली, त्याबद्दल निवृत्तीला तुम्ही मला शाल आणि श्रीफळ दिलंत. सालं जपली, त्याबद्दल नोटीस दिलीत. कशाला काय द्यायचं ते तुम्ही उलटं केलंत."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे? कशी देणार?"

मी म्हटलं, "प्रदर्शनाला चार दिवस देते. लॅमिनेशन नाही, खिळा नाही, चिकटपट्टी नाही. मी तिथे बसेन. आणि दारात एक पाटी लावायची. ही मुखपृष्ठं ह्या वाचनालयाने काढून टाकली. ती काढणारी मी. त्याखाली माझं पूर्ण नाव."

"तुमचं नाव कशाला त्यात?" कार्यवाह म्हणाले. "तुमचीच बदनामी होईल."

"होऊ द्या. माझं नाव टाकल्याशिवाय मला तुमचं टाकता येणार नाही."

कार्यवाहांनी इकडेतिकडे बघितलं. एकजण म्हणाला, अमृतमहोत्सवात असली पाटी शोभणार नाही. दुसरा म्हणाला, 'काढून टाकली'ऐवजी 'कालौघात विलग झालेली' असं लिहिता येईल. मी अध्यक्षांकडे बघितलं. ते खाली बघत होते. सज्जन माणसं ऐन वेळी खाली बघतात, हा माझा जुना अनुभव आहे. मी कव्हर पुस्तकावर चढवलं, सैल तर सैल, पिशवीत ठेवलं आणि सही न करता जिना उतरले.

कारवाई काही झाली नाही. आपल्याच 'रद्द'च्या शिक्क्यावर कोण कारवाई करणार? अमृतमहोत्सव झाला, पदाधिकाऱ्यांचे फोटो भिंतीवर लागले, मुखपृष्ठांचं प्रदर्शन काही लागलं नाही. ती पाटीही अर्थातच लागली नाही, म्हणून तिचा मजकूर मी इथे दिला आहे. प्रायश्चित्त म्हणायचं असेल त्याने म्हणावं. पुस्तकं मी सोलली आणि कव्हरं मी उचलली, हे आता मी कुणी न विचारताच सांगते. ऐकणारे बहुतेकजण दुसऱ्या अर्ध्याचं कौतुक करतात. मी त्यांना पहिलं अर्धं पुन्हा एकदा सांगते.